दुब्रोव्हनिक ऑफ-सीझनमध्ये: आधी वेळापत्रक, मग तिकीट

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी धरून क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जायचं ठरवणारे बहुतेक जण एकाच पद्धतीने फसतात. स्वस्त विमान दिसलं की तिकीट काढतात, फोटो बघून कोटाच्या, म्हणजे तटबंदीने वेढलेल्या जुन्या गावाच्या, आतली खोली घेतात, मग व्हिसाच्या मागे लागतात. निघायच्या आठवड्यात कळतं की लोक्रुम बेटाची बोट बंद आहे, केबल कार देखभालीसाठी थांबवली आहे आणि संध्याकाळी सव्वाचारला सूर्य मावळतो. उन्हाळ्याचाच कार्यक्रम निम्म्या खर्चात उरकू, या हिशेबाने गेलं की असं होतं. हिवाळ्यात दुब्रोव्हनिक तिथल्या रहिवाशांच्या सोयीने चालतं. बस, बाजार, जेवणाच्या वेळा, सगळं त्यांच्या घड्याळावर. त्यामुळे तयारीचा क्रमही उलटा लावावा लागतो: आधी काय चालू आहे ते बघायचं, मग तारखा, मग पैसे.

१. आठवडा निवडा

नोव्हेंबर ते मार्च हा सगळा काळ ‘ऑफ-सीझन’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधू नका. त्यात चार वेगवेगळे तुकडे आहेत.

पहिला तुकडा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो. त्या दिवशी युरोपात घड्याळं एक तास मागे जातात आणि विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक लागू होतं. आपल्या दिवाळीशी याचा थेट संबंध आहे. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि घड्याळ २५ ऑक्टोबरला बदलतं, म्हणजे अख्खी सुट्टी हिवाळी वेळापत्रकात. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आणि घड्याळ ३१ ला. तेव्हा जाताना उन्हाळी वेळापत्रक आणि येताना हिवाळी, असा घोळ होऊ शकतो. जातानाची बस किंवा विमान बघून ‘परतीलाही असेलच की’ असं धरून चालणारे इथेच अडकतात. शिवाय नोव्हेंबर आणि डिसेंबर हे इथले सर्वाधिक पावसाचे महिने.

दुसरा तुकडा डिसेंबरचा. कोटातल्या मुख्य रस्त्यावर, म्हणजे स्त्रादुनवर, हिवाळी उत्सवाचे स्टॉल लागतात, रोषणाई असते, ३१ डिसेंबरला उघड्यावर गाण्याचा कार्यक्रम होतो. गाव जागं असतं, पण शेवटच्या आठवड्यात खोल्यांचे भाव ऑफ-सीझनचे राहत नाहीत.

तिसरा, ६ जानेवारीनंतरचा. हॉटेलवाले स्वतःच सुट्टीवर जातात. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी, त्यातून लहान मुलं बरोबर असतील तर, हा काळ टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांचा. ३ फेब्रुवारीला गावाचे रक्षक मानले जाणारे संत व्लाहो, म्हणजेच सेंट ब्लेझ, यांचा सण असतो. मिरवणूक, निशाणं, आसपासच्या गावांतून पारंपरिक पोशाखात आलेली माणसं, सगळं एका दिवसात बघायला मिळतं. युनेस्कोने २००९ मध्ये हा सण अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. (गोव्यात गवंडाळीला याच संताचं चर्च आहे आणि त्याचा संबंध दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांशी सांगितला जातो. गोव्याचे कुणी बरोबर असतील तर त्यांना ही तारीख आधी सांगा.)

चौथा तुकडा मार्चचा. दिवस मोठा होतो, हॉटेलं ईस्टरच्या तोंडावर उघडू लागतात, आणि तरीही गर्दी नसते. तारखांवर बंधन नसेल तर मार्चचा मधला पंधरवडा धरा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे त्याच्या आदल्या आठवड्यापासून भाव चढतील.

तपासा: निवडलेल्या आठवड्यात १ नोव्हेंबर, १८ नोव्हेंबर, २५ आणि २६ डिसेंबर, १ किंवा ६ जानेवारी येते का? या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. त्या दिवशी बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात.

२. पोचायची वाट पक्की करा, पण पैसे अजून भरू नका

दुब्रोव्हनिकला रेल्वे नाही. स्प्लिटपर्यंत ट्रेन आहे म्हणून पुढेही असेल असं समजू नका. उरतात विमान आणि बस. स्प्लिटहून येणारी वेगवान कॅटामरान बोट फक्त सीझनमध्ये चालते. इंटरनेटवरचे ‘स्प्लिट ते दुब्रोव्हनिक समुद्रमार्गे’ हे लेख उन्हाळ्यातले आहेत.

विमानतळ चिलिपी गावाजवळ, शहरापासून साधारण २० किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात इथे युरोपभरातून विमानं येतात, हिवाळ्यात मोजकीच. भरवशाचा मार्ग म्हणजे मुंबईहून एका थांब्याने झाग्रेब गाठायचं आणि तिथून तासाभराचं देशांतर्गत विमान घ्यायचं. इस्तंबूलहून थेट दुब्रोव्हनिकला येता येतं का, तेही बघा. मात्र आठवड्यातल्या ठरावीक वारीच विमान असेल, तर परतीचा वारही त्यात बसतो का ते आधी मोजा.

झाग्रेबहून बसने जवळपास अख्खा दिवस जातो. स्प्लिटहून बस सुमारे चार ते साडेचार तास घेते. या वाटेवर एक मेख आहे. दुब्रोव्हनिक आणि उरलेला क्रोएशिया यांच्या मध्ये बोस्नियाची नेउमजवळची किनारपट्टी येते. २६ जुलै २०२२ ला पेल्येशाट्सचा पूल खुला झाला आणि बोस्नियात न शिरता जाता येऊ लागलं. तिकीट काढताना बस पुलावरून जाते की नेउमवरून, हे विचाराच. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, बोस्निया नाही. सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत येऊ देणाऱ्या, व्हिसावर उगाच सीमा ओलांडू नका.

वेळापत्रक वाचताना तळटीपा सोडू नका. चौकटीत सकाळी दहाची बस दिसते, तिच्या डोक्यावर छोटा आकडा असतो, आणि खाली त्या आकड्यापुढे लिहिलेलं असतं की ही फक्त १ जून ते ३० सप्टेंबर धावते. ‘राद्नी दान’ म्हणजे कामाचा दिवस, ‘सुबोटा’ शनिवार, ‘नेद्येल्या’ रविवार, ‘ब्लाग्दान’ सणाची सुट्टी. बस, बोट, केबल कार, तटबंदी या चारही ठिकाणी हे शब्द भेटतात.

आता एका कागदावर चार ओळी लिहा: येण्याचं विमान किंवा बस, परतीचं, बेटांची फेरी, केबल कार. प्रत्येकीपुढे तुमच्या नेमक्या तारखेला चालू की बंद, ते संबंधित कंपनीच्या स्वतःच्या साइटवर बघून लिहा. प्रवाशांच्या जुन्या अनुभवांवर जाऊ नका.

थांबा: चारपैकी पहिल्या दोन ओळी पक्क्या होत नसतील तर आठवडा बदला. उरलेल्या दोन बंद असल्या तरी सहल होऊ शकते.

३. व्हिसा: किती एन्ट्री लागतील ते आधी ठरवा

कोटोर आणि मोस्तार ही दुब्रोव्हनिकहून एका दिवसात होणारी दोन लोकप्रिय ठिकाणं. कोटोर मॉन्टेनेग्रोत आहे, मोस्तार बोस्नियात, आणि दोन्ही देश शेंगेनबाहेर. त्यामुळे एक दिवसाची सहल म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येणं. सिंगल एन्ट्रीवर गेलात तर परत येताना सीमेवर अडकाल, आणि तुमची बॅग दुब्रोव्हनिकच्या खोलीत असेल. अर्ज भरतानाच मल्टिपल एन्ट्री मागा, प्रवासाच्या आराखड्यात ती सहल तारखेसह दाखवा. व्हिसा हातात आल्यावर त्यावर एन्ट्रीच्या रकान्यात काय छापलंय ते वाचा. मिळाला या आनंदात हा रकाना न वाचणारे खूप.

बाकी नियम नेहमीचे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंत लागू शकतात. नाताळच्या सहलीचा अर्ज सप्टेंबरातच टाकलेला बरा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. इटली आणि क्रोएशिया एकत्र करणार असाल तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

विमा घेताना आणखी एक गोष्ट बघा: हवामानामुळे विमान रद्द झालं किंवा दुसरीकडे उतरलं तर राहण्याचा खर्च मिळतो का? हिवाळ्यात या कलमाची गरज पडू शकते. का, ते शेवटच्या टप्प्यात येईलच.

युरोपीय संघाची नवी नोंदणी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद होते, बोटांचे ठसे व्हिसाच्या अर्जावेळीच घेतलेले असतात. ही तपासणी तुम्ही शेंगेनमध्ये जिथे प्रथम उतराल तिथे होते. फ्रँकफर्टहून पुढे जाणार असाल तर फ्रँकफर्टलाच. तासाभराचा ट्रान्झिट ठेवू नका.

४. खोली: फोटो बघू नका, प्रश्न विचारा

या टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला प्रश्न, कुठल्या भागात. उन्हाळ्यात कोटाच्या आत राहण्याची हौस समजू शकते. हिवाळ्यात तिथली बरीच घरं रिकामी, खालची दुकानं बंद आणि जेवायला दोन-चारच जागा. लापाड आणि बाबिन कुकच्या समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलांपैकी अनेक नोव्हेंबरात बंद होतात ती वसंतातच उघडतात. माझी शिफारस ग्रुझची. इथे बंदर आहे, लांब पल्ल्याचा बसस्टँड आहे, रोजचा भाजीबाजार आणि मासळीबाजार आहे, आणि कोटाच्या पिले दरवाजापर्यंत शहर बस वरचेवर धावते. दिसायला तो भाग कोटासारखा देखणा नाही. पण पावसाळी संध्याकाळी सहा वाजता गरम सूप आणि उघडं दुकान तिथेच सापडतं.

दुसरा प्रश्न, ऊब. जानेवारीत दिवसा साधारण १२ अंश आणि रात्री ६ अंश, हे आकडे वाचून लोक ‘महाबळेश्वरसारखं’ म्हणतात आणि सोडून देतात. फरक घरात आहे. ही घरं दगडी आहेत, उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून बांधलेली. एकदा भिंत गारठली की दोन-तीन दिवस ऊब धरत नाही, आणि तुमच्या आधी त्या खोलीत महिनाभर कुणी राहिलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी तापवण्यासाठी बैठकीच्या खोलीत एक एसी असतो, तो उलटा चालवून गरम हवा सोडतात. झोपायच्या खोलीत ती पोचतच नाही. ‘हीटिंग: आहे’ एवढ्या नोंदीवर विसंबू नका.

घरमालकाला बुकिंगच्या आधी हे पाठवा:

१. झोपायच्या प्रत्येक खोलीत गरम करायची सोय आहे का? नेमकी कुठली?
२. त्याच्या विजेचे पैसे भाड्यात धरलेत का वेगळे?
३. आम्ही यायच्या आदल्या दिवशी खोली गरम करून ठेवाल का?
४. गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती?
५. बाथरूममध्ये हीटर आहे का, आणि गरम पाण्याची टाकी किती लिटरची?

चौथा प्रश्न आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा. कोटाच्या आत गाडी जात नाही. स्त्रादुनच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे सरळ चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, आणि चाकाची बॅग तिथे हातातच घ्यावी लागते. कोटाबाहेरही गाव डोंगराच्या उतारावर वसलंय. नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात तीन-चार मजल्यांची चढण असू शकतं. मालक आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी जागा बघा.

पाच प्रश्नांपैकी निदान तीनची सरळ उत्तरं मिळाली की मगच विमान, खोली, सगळ्याचे पैसे भरा, शक्यतो रद्द करता येईल अशा दराने.

५. सामान

थंडीपेक्षा वारा आणि ओल यांची तयारी करा. एक जाड, बोजड कोट नेण्यापेक्षा लोकरी स्वेटर आणि त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट बरं. छत्री न्या हवी तर, पण जोराच्या वाऱ्यात ती पहिल्या कोपऱ्यावर उलटी होईल. टोपी असलेलं जॅकेटच कामाला येतं.

बूट मात्र विचार करून निवडा. स्त्रादुनची फरसबंदी चुनखडी दगडाची आहे, शेकडो वर्षांच्या पावलांनी घासून आरशासारखी झालेली. कोरडी असताना सुद्धा चकाकते. पाऊस पडला की त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं, सगळे तिथे फोटो काढतात आणि तिथेच घसरतात. सपाट तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. खोल खाचांचा रबरी तळ हवा, आणि दुसरा कोरडा जोडही, कारण भिजलेला बूट गार खोलीत रात्रीतून वाळत नाही.

आपल्या गोल तीन पिनांच्या प्लगला अ‍ॅडॉप्टर लागतो. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक पिना तशाच बसतात. नळाचं पाणी पिण्यालायक आहे, बाटल्या विकत घेत बसू नका. चहा-मसाला, उपम्याचा रवा, थोडं मेतकूट असं काही ठेवा. रविवारी उपयोगी पडेल. कारण पुढे येतंय.

६. पोचल्याच्या दिवशीचा क्रम

विमानतळाची बस विमानांच्या वेळेनुसार सुटते. बाहेर येताच तिकीट काढा, बॅगेची पट्टी सोडल्यावर फोटो काढत रेंगाळू नका. हिवाळ्यात पुढची बस पुढच्या विमानाला असते, आणि ते कदाचित चार तासांनी. बसमध्ये डाव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे. ही बस पिले दरवाजापाशी थांबते आणि पुढे ग्रुझच्या बसस्टँडला जाते. कुठे उतरायचं ते घरमालकाला आधीच विचारून ठेवा. अ‍ॅपवरच्या टॅक्सीही मिळतात.

खोलीत शिरल्यावर:

पहिलं काम, एसी उष्णतेवर लावणं. रिमोटवर सूर्याचं चिन्ह शोधा. हिमकणाचं चिन्ह म्हणजे गार हवा. सुरुवातीची काही मिनिटं त्यातून गार हवाच येते, बिघडला समजून बंद करू नका.

दुसरं, गरम पाण्याचा बोयलर. त्याचं बटण बरेचदा बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी दिव्यांच्या बटणांमध्ये असतं, त्यावर लाल ठिपका पेटतो. दिवा समजून कुणीतरी ते बंद करतं आणि सकाळी चौघांना गार पाणी. मुलांना पहिल्याच संध्याकाळी ते बटण दाखवून ठेवा.

तिसरं, मालक पासपोर्ट मागेल तर बावरू नका. पाहुण्यांची सरकारी नोंद चोवीस तासांत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

चौथं, आज कुठला वार आहे? शनिवार असेल तर बाकी सगळं सोडून आधी दुकानात जा. १ जुलै २०२३ पासून क्रोएशियात दुकानांना वर्षातून फक्त १६ रविवार उघडता येतं आणि ते १६ रविवार दुकानदार बहुधा उन्हाळ्यासाठी आणि डिसेंबरसाठी राखून ठेवतात. जानेवारी-फेब्रुवारीतल्या रविवारी दूध-अंडी मिळवायला पेट्रोल पंप गाठायची वेळ येते.

शहर बसचं तिकीट ड्रायव्हरकडे महाग, कियोस्कवर स्वस्त. सकाळी एकदम चार-पाच घेऊन ठेवा. एटीएमवर ‘रुपयांत व्यवहार करायचा का’ असं विचारलं तर नको म्हणा, युरोतच काढा.

७. रोजचा दिवस वाऱ्यावर लावा

उन्हाळ्यात तुम्ही यादी करता आणि यादीप्रमाणे फिरता. हिवाळ्यात आदल्या रात्री क्रोएशियाच्या सरकारी हवामान खात्याचा अंदाज उघडायचा आणि त्यात वारा कुठला आहे ते बघायचं. आपल्याकडे कोळी जसा वारा बघून होडी काढायची की नाही ठरवतो, तसंच हे. वारे मुख्यतः दोन.

युगो आग्नेयेकडून येतो. हवा दमट, आभाळ भरलेलं, लाटा मोठ्या, पाऊस, आणि असं दोन-तीन दिवस चालू शकतं. या दिवसांत बोटी रद्द होतात. कोटाच्या आतला दिवस हाच: रेक्टरचा राजवाडा, १३१७ पासूनची औषधशाळा असलेला फ्रान्सिस्कन मठ, सागरी संग्रहालय. संग्रहालयांची साप्ताहिक सुट्टी वेगवेगळ्या वारी असते, ती आधी बघून घ्या.

बुरा ईशान्येकडून, डोंगरावरून खाली कोसळतो. आकाश निळंशार, दूरवरचं स्वच्छ, पण झोत असे की माणूस हेलपाटतो. सकाळी खिडकीतून ऊन बघून पातळ जॅकेट घालून निघालेले अर्ध्या तासात परत येतात. जोराच्या बुऱ्यात केबल कार चालत नाही आणि तटावर जाणंही बंद होऊ शकतं.

धोका: युगो चालू असताना जुन्या बंदराच्या धक्क्यावर, म्हणजे पोर्पोरेलावर, आणि तटाबाहेरच्या खडकांवर जाऊ नका. कोरडा दिसणारा दगड पुढच्या लाटेखाली जातो.

दोन्ही वारे शांत असतील तो दिवस तटबंदीचा. पहिला असा दिवस मिळाला की लगेच जा, ‘उद्या’ म्हणू नका. तट १,९४० मीटरचा आहे, एकाच दिशेने फिरायचं असतं, मागे वळता येत नाही. उन्हाळ्यात तिकीट ४० युरोच्या घरात गेलंय, हिवाळ्यात बरंच कमी असतं, आणि त्याच तिकिटावर पलीकडचा लोव्र्येनाट्स किल्लाही होतो. हिवाळ्यात तट दुपारी तीनच्या सुमारास बंद होतो. दोन वाजता पोचून ‘तासाभरात उरकू’ म्हणणाऱ्यांना दारातून परत पाठवतात. २५ डिसेंबरला तट पूर्ण बंद.

स्रज डोंगर ४१२ मीटर उंच. केबल कार हिवाळ्यात काही आठवडे देखभालीसाठी बंद असते. तेव्हा पिलेहून बोसांका गावाची बस घेऊन तिथून चालत माथा गाठा, किंवा नागमोडी पायवाटेने तासा-दीड तासात चढा. पायवाट खडीची आहे, ओली असताना उतरू नका. सूर्यास्त बघायला जाल तर उतरायची सोय आधी करा, कारण डिसेंबरात सव्वाचारला मावळतो आणि पाऊण तासात मिट्ट काळोख होतो.

एकूण हिशेब असा: बाहेरचं सगळं सकाळी नऊ ते दुपारी तीन, आतलं तीननंतर.

८. जेवण

नकाशाच्या अ‍ॅपवर ‘उघडं’ दिसतं म्हणून अर्धा तास चालत जाऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत मालक सुट्टीवर जातात आणि अ‍ॅपवरच्या वेळा बदलायची तसदी कुणी घेत नाही. फोन करून विचारा किंवा सकाळी जाता-येता दारावरची चिठ्ठी वाचा. ‘झात्वोरेनो’ म्हणजे बंद. मुख्य जेवण दुपारी घ्या. दुपारच्या आधीपासून मिळणारं ‘मरेन्डा’ हे कामकरी लोकांचं स्वस्त जेवण ग्रुझकडे चांगलं मिळतं.

शाकाहारी मंडळींनी एक नाव लक्षात ठेवा: ‘झेलेना मेनेस्त्रा’. नावात ‘हिरवी’ आहे, ताटात कोबी आणि पालेभाज्या दिसतात, पण ती धुरावलेल्या मांसाबरोबर शिजवतात. मांस बाजूला काढून देतो म्हणाले तरी घेऊ नका. ‘ब्लित्वा’, म्हणजे लसूण घालून बटाट्याबरोबर शिजवलेला पालकासारखा पाला, ही सुरक्षित निवड. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘पाश्टित्साडा’ आणि सेंट ब्लेझच्या सणाला घरोघरी होणारी ‘श्पोर्की मकारुली’ टाळावी. दोन्हींत तेच असतं.

ग्रुझचा बाजार सकाळचा, रविवार सोडून. अकरानंतर गेलात तर उरलंसुरलं. मासळी बघायला त्याहून लवकर.

९. बाहेरच्या सहली: एकच निवडा

लोक्रुम विसरा, हिवाळ्यात बोट नाही. कोलोचेप, लोपुड, शिपान या बेटांना ग्रुझहून बोट वर्षभर जाते, कारण तिथे लोक राहतात. पण फेऱ्या मोजक्या. परतीची बोट आधी ठरवा, मग जाण्याची. बरोबर जेवण न्या, बेटावर काही उघडं असेल असं गृहीत धरू नका. युगोचा अंदाज असेल तर जाऊच नका, सकाळची बोट तुम्हाला सोडून येईल आणि दुपारची येणारच नाही.

त्साव्तात हे किनाऱ्यावरचं गाव शहर बसने होतं, अर्ध्या दिवसात, आणि काही बिघडत नाही.

मला विचाराल तर हिवाळ्यात स्टोन आणि माली स्टोन ही शेजारची दोन गावं. बसने सुमारे तास. इथल्या खाडीतली कालवं फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेली असतात, १९ मार्चच्या सेंट जोसेफच्या दिवसाच्या आसपास सर्वांत चांगली. रत्नागिरी-मालवणकडच्यांना कालवं नवी नाहीत, पण इथे ती कच्ची, वर लिंबू पिळून खातात. पोट नाजूक असेल तर शिजवलेली मागा. मिठागरं मात्र बघण्यासारखी नसतात, मीठ उन्हाळ्यात काढतात. परतीच्या बसची वेळ उतरल्याबरोबर थांब्यावर पुन्हा बघून घ्या.

कोटोर-मोस्तार फक्त मल्टिपल एन्ट्री असेल तर, आणि ती सहल शेवटच्या दिवशी नको. सीमेवरची रांग तुमच्या हातात नसते.

१०. परत निघताना

चिलिपीचा विमानतळ बुऱ्यासाठी बदनाम आहे. वारा वाढला की विमानं स्प्लिटला किंवा आणखी कुठे वळवतात, कधी रद्द करतात. म्हणून दुब्रोव्हनिकहून झाग्रेब आणि त्याच दिवशी झाग्रेबहून मुंबई, अशी जोडणी वेगवेगळ्या तिकिटांवर कधीही करू नका. पहिलं विमान चुकलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. एकतर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, किंवा शेवटची रात्र झाग्रेबमध्ये ठेवा. दुसरा पर्याय मला जास्त पटतो.

निघायच्या दोन दिवस आधी वाऱ्याचा अंदाज बघा. बुऱ्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर विमान कंपनीला लगेच फोन करून आधीच्या विमानात जागा आहे का विचारा, आणि स्प्लिटच्या बसची वेळ लिहून ठेवा. वाट पाहत बसलात तर त्या बसच्या जागाही संपतात. विमान रद्द झालं की सगळे तिकडेच धावतात.

खोली सोडताना बोयलरचं बटण बंद करा, किल्ली कुठे ठेवायची ते आदल्या रात्रीच विचारा, आणि विमानतळाच्या बसची वेळ त्या दिवसाच्या विमानाप्रमाणे पुन्हा एकदा बघा. पहाटेचं विमान असेल तर टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. हिवाळ्यात पहाटे चारला अ‍ॅपवर गाडी दिसेलच असं नाही.